रिक्षावरचा कर्णा उतरवला

मोताळा
२१ जून २०२१

निवृत्ती,

सलाम अन् रामराम, दोन्ही पाठवतो. जो घ्यायचा तो घे.

फोन तू उचलत नाहीस. आता तर पहिल्याच घंटीत कटते. झेबा म्हणते, तू माझा नंबर बंद करून टाकला. पत्र काही बंद करता येत नाही, पोस्टमन दारात आणून टाकतेच. म्हणून लिहून राह्यलो. फाडायचं असंन त वाचून फाड.

मी एकदम खुशीत आहे लेका! सत्तावन्न वर्षांचा झालो अन् पहिलीत नाव घातल्यासारखं वाटून राह्यलं.

तुले माहीतच आहे, तीस वर्षं रिक्षावर कर्णा बांधून मी तालुका पालथा घातला. सर्कस आली, बोलवा रहेमतुल्लाले. साड्यांचा सेल, रहेमतुल्ला. बियाण्याचं दुकान, रहेमतुल्ला. नुसतं 'ऐका हो ऐका' म्हटलं की बाया भांडी घासता घासता थांबायच्या. मग करोना आला. बाजार बंद, जत्रा बंद. अन् बाजार उघडला तोपर्यंत दुकानदार शहाणे झाले. मोबाइलमधी एकदा आवाज भरून घेतात अन् तोच दिवसभर वाजवतात. त्या आवाजाले ना चहा लागते ना घसा बसते.

मांगच्या आठवड्यात मी माझ्याच हातानं चार बोल्ट काढले अन् कर्णा खाली उतरवला. रिक्षा टकली झाल्यासारखी दिसत होती. मी ओट्यावर बसलो होतो तेव्हा झेबा आली. माझी धाकटी. ती औरंगाबादले पत्रकारितेचं शिकून आली, दीड वर्षापासून घरीच आहे. म्हणाली, "अब्बा, आवाज तुमचा आहे, कर्णा दुकानदाराचा होता. आपण पॉडकास्ट करू."

मी म्हटलं, "हे काय असते?"

तूही तेच म्हणशीन, म्हणून सांगतो. मोबाइलवर ऐकायचा रेडिओ समज. पण त्याचं टेशन आपल्याच घरात. ज्याले जेव्हा वाटंन तेव्हा ऐकावं, वखर हाकताना, भाकरी थापताना. आपण शेतीवाल्या माणसायले बोलतं करायचं, त्यायचं रेकॉर्ड करायचं अन् सोडून द्यायचं. नाव मीच ठेवलं: 'सांगा हो सांगा'.

कॉलरले लावायचा माईक आला. केवढा असंन? हरभऱ्याच्या घाट्याएवढा! एवढ्याशा गोष्टीत माझा आवाज मावेन कसा, हाच विचार करून राह्यलो.

एक मात्र सांगून ठेवतो. चार वर्षांमांगच्या नोव्हेंबरची गोठ मी काढणार नाही. त्या दिवशी मले मोताळ्यात तातडीचं काम होतं. तेव्हाही मी हेच सांगतलं होतं.

वच्छलावहिनीले सलाम.

तुझा
रहेमत


मोताळा
१२ जुलै २०२१

निवृत्ती,

फजिती ऐक.

आमच्या शेजारी पिठाची चक्की आहे, ती दिवसभर घुर्रऽऽ करते. म्हणून आम्ही लाइट जायची वाट पाहतो. दुपारी लाइट गेली की चक्की बंद, अन् आम्ही दोघं बापलेक पळत सुटतो. रिक्षा आंगणात उभी, तिले चारी बाजूनं गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. आतमधी भट्टी! मी पुढच्या सीटवर, झेबा मांगं. तिनं बटण दाबलं, लाल ठिपका लागला.

अन् माझी जीभ टाळूले चिकटली.

मी, ज्यानं मलकापूरच्या भर बाजारात, ट्रकवाले हॉर्न मारत असताना, सर्कशीतल्या सिंहाची जाहिरात केली, तो मी त्या ठिपक्यासमोर घाम पुसत बसलो. कोणीच दिसत नाही ना बे! बाजारात माणूस मान वळवते, हसते, शिवी देते, त्यावरून आपल्याले कळते. इथं काय? ठिपका.

शेवटी मी डोळे मिटले अन् सुरू केलं, "ऐका हो ऐकाऽऽ! शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो!" झेबानं कानातला हेडफोन उपटून फेकला. कोंबड्या उडाल्या.

"अब्बा," ती म्हणाली, "ऐकणारा पारावर नाही बसला. तो तुमच्या खांद्याजवळ बसला आहे. त्याच्या कानात कर्णा लावू नका."

तिनं मले तेच रेकॉर्डिंग ऐकवलं. आपला आवाज असा बाहेरून ऐकायचा म्हणजे न्हाव्याकडे मांगचा आरसा पाहिल्यासारखं आहे, टक्कल तिथं दिसते. मी सगळं तीन-तीनदा बोलतो. 'उद्या, उद्या, उद्या!' ही रिक्षाची सवय, कारण रिक्षा पुढं जाते अन् माणूस मांगं राहते. दुसरं, मी समोरच्याचं वाक्य पुरंच होऊ देत नाही. झेबानं शेजारच्या चक्कीवाल्या दयारामले बसवून एक मुलाखत करून पाहिली. वीस मिनिटांत मी एकेचाळीस वेळा 'बरोबर, अगदी बरोबर' म्हटलं. बिचारा दयाराम त्यात चार वाक्यं बोलला असंन.

मग तिनं मले अभ्यास दिला. तिच्या अम्मीची, म्हणजे जमीलाची मुलाखत घ्यायची. दहा मिनिटं. मधात बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, 'बरोबर' म्हणायचं नाही. तिचं बोलून झालं तरी मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे, मगच पुढचा सवाल.

मी जमीलाले विचारलं, "माझ्या धंद्याबद्दल तुले काय वाटत होतं?"

ती म्हणाली, "काय वाटणार? चांगलं होतं."

मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. चारवर ती परत बोलली! म्हणाली, "तुम्ही घरी यायचे तेव्हा बसस्टँडपासून तुमचा आवाज यायचा. मी चहा ठेवायची. तुम्ही दारात येईपर्यंत उकळलेला असायचा." तीस वर्षं मले वाटत होतं का या बाईच्या घरी चोवीस तास चहा तयार असते!

मी परत मोजलं. तर ती म्हणाली, "एकदाच चुकलं. तुम्ही निवृत्तीभाऊंच्या गावाहून आले, अन् कर्णा बंद होता. तुम्ही दारात उभे तरी मले पत्ता नाही. मले वाटलं बॅटरी गेली. पण तुम्ही त्यानंतर दोन दिवस बोललेच नाही."

मी झेबाले म्हटलं, बंद कर, दहा मिनिटं झाली. ती म्हणाली, "सातच झाली."

असो. पाच आकड्यांची युक्ती जबरदस्त आहे. तू वहिनीवर करून पाहा.

रहेमत


मोताळा
२१ ऑगस्ट २०२१

निवृत्ती!

उडालो लेका आम्ही! उडालो!

पहिले तीन भाग कोणी ऐकले नाहीत. पहिल्याले अकरा जण, त्यातले चार आमच्याच घरचे. तिसऱ्या भागात मी आकाशवाणीसारखं बोलायले गेलो, 'आपण पाहत आहोत', 'त्या अनुषंगाने'. पुण्याच्या एका माणसानं खाली लिहिलं, 'काका, तुम्ही मधूनच “मले” म्हणता तेव्हा गंमत वाटते, बाकी झोप येते.' झेबा हसत सुटली. मले आधी राग आला, मग मीच म्हटलं, चला, ‘मले’च बोलू. त्या दिवसापासून तोंडातला खडा निघाला.

अन् चौथा भाग! मनकर्णाबाई.

तू ओळखत नाहीस. इथून चार कोसावर राहते. साठीच्या पुढची. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण अन् वेचणी. मी गेलो तेव्हा बाया पऱ्हाटीत, कपाशीच्या वावरात, निंदत होत्या. मी बांधावर बसलो, माईक तिच्या पदराले लावला. पहिल्यांदा ती माईककडे पाहून बोले, जसं विंचवाकडे पाहतात. मी विचारलं, "बाई, वावरात पाय टाकल्यावर तुम्ही आधी काय पाहता?"

"काय पायनार? गवत पायतो."

मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. लेका, वावरातले पाच आकडे फार लांब असतात. वारा सुटला होता. मले बोलायची एवढी खाज आली का मी हातातली काडी मोडली.

अन् मंग ती बोलली. "फूल पायतो ना भाऊ. चांगलं फूल उघडते. अन् हे पाय, हे मिटेल हाय, पाकया पीळ देल्यावानी. याले डोमकळी म्हन्तेत. याच्या पोटात गुलाबी अळी बसेल हाय. सायब लोक बोंडं फोडून पायतेत कार्तिकात, तवा त समदं खाऊन झालेलं ऱ्हायते. आमाले तं श्रावनातच समजते. पन आमाले इचारते कोन? मालक म्हन्ते, तू निंद."

मी कधी एवढा गप्प बसलो नाही. ती चाळीस मिनिटं बोलली. कोणत्या ओळीत पहिलं दिसते, सकाळी काऊन पाहायचं, पानावरून काय समजते. मधात बाकीच्या बायाही सांगू लागल्या. मी फक्त नऊ सवाल केले, नऊ! झेबानं मोजले.

हा भाग सहा दिवसांत अडीच हजार लोकांनी ऐकला. जळगाव जामोदच्या शेतकऱ्यांच्या गटात फिरला, तिथून खाली जालन्यापर्यंत गेला. एक पोरगी लिहिते, 'माझी आई पण निंदायले जाते, मी तिले पहिल्यांदा विचारलं.' मी हे वाचून ओट्यावर येरझारा घातल्या. जमीला म्हणाली, बसा, ओटा झिजंन.

डोमकळी दिसली की काय करायचं, याचा एक सल्लाही मी शेवटी माझ्या मनानं जोडून दिला, तो तू ऐकूनच घे.

मधातला थोडा तुकडा आम्ही काढून टाकला. आवाज बरोबर नव्हता.

तू ऐकलं का? तुझ्या पोराच्या, शिवमच्या मोबाइलवर येते. नुसतं नाव टाक.

रहेमत


मोताळा
५ सप्टेंबर २०२१

निवृत्ती,

मांगच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आवाज चांगला होता.

मनकर्णाबाईचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "बाई, आणखी काही सांगायचं आहे?" तर ती म्हणाली, "सांगायचं नाई, इचारायचं हाय. भाऊ, तुमीच ना थे रिक्षावाले? आमच्या गावात तुमीच वरडत व्हते का बीटी लावा, अळी येनारच नाई. तुमाले मालूम व्हतं का नव्हतं?"

बाया थांबल्या. झेबा माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "बरं, ऊन फार झालं, थांबू आपण."

घरी येऊन मी झेबाले सांगतलं, तेवढं काढ. ती म्हणाली, "काढते. तुमचा कार्यक्रम आहे. पण पुढचे भाग मी करणार नाही." मले वाटलं, पोरगी आहे, दोन दिवसांनी विसरंन. नाही विसरली. माईक डबीत घालून डबी माझ्या उशाशी ठेवली. अन् तिकडे अडीच हजार लोक वाहवा करून राह्यले होते, तर मी म्हटलं, जाऊ दे, मी एकटा करीन.

मग परवा बाजारात मनकर्णाबाई भेटली. मी वांगी घेत होतो. तिनं दुरून हाक मारली, "ओ सांगा हो सांगावाले!" मी खूश होऊन वळलो. ती जवळ आली. तिच्या नातसुनेनं तिले सगळा भाग ऐकवला होता.

"सगळं आलं भाऊ, लय छान आलं. पन माहा सवाल कुठी गेला?"

मी म्हटलं, "बाई, वेळ कमी पडला."

"आसं का," ती म्हणाली. बस. रागावली नाही, ओरडली नाही. "आसं का" म्हणून मिरच्या निवडू लागली. निवृत्ती, तीस वर्षांत मले कोणी एवढं धाडकन पाडलं नाही. मालक तिले म्हणते तू निंद, अन् मीही तेच केलं. तिचं ऐकलं, पण मले सोयीचं तेवढंच.

घरी आलो. झेबाले म्हटलं, लाइट गेली की बस माझ्यासमोर. सवाल तू विचार, मनकर्णाबाईचाच.

त्यात जे बोललो ते पुढच्या आठवड्यात सगळ्यांले ऐकू येईन. पण तुले आधी लिहून कळवतो, कारण त्यातली अर्धी गोठ तुझी आहे.

मले माहीत होतं.

बियाण्याच्या पाकिटात एक लहान पुडी यायची, साध्या सरकीची, बिगरबीटी. ती वावराच्या कडेनं लावायची, म्हणजे अळीले बीटीच्या जहराची सवय लागत नाही. मले वाचायले दिलेल्या कागदावर ती ओळ होती. दुकानदारानं माझ्यासमोर पेनानं खोडली. "हे बोलू नको, गिऱ्हाईक बिचकते. अळी येणारच नाही, एवढं बोल." खोडलेली ओळ मले वाचता येत होती. मी म्हटलं, "बरं शेठ." अन् मग हंगामामागून हंगाम, गावामागून गाव, तीन-तीनदा म्हटलं: अळी येणारच नाही, येणारच नाही, येणारच नाही.

तू एकदा मले ती पुडी दाखवली होती. तुझ्या वावरात, लिंबाखाली. "रहेमत, हे काय आहे बे?" मी म्हटलं, "काही नाही, फेकून दे." तू फेकली. माझ्या शब्दावर फेकली, अन् गावातल्या वीस-पंचवीस घरायले तूच सांगतलं का रहेमतचं बियाणं आहे, घ्या डोळे मिटून.

अन् मग तो नोव्हेंबर. बोंड फोडलं का आत गुलाबी अळी, कापूस पिवळा पडून त्याची कवडी झालेली. मी तुमच्या गावात हरभऱ्याच्या बियाण्याची जाहिरात घेऊन आलो, तर लोकांनी रिक्षा अडवली. तू पुढं झालास. म्हणालास, "थांबा, माझा दोस्त आहे, तो पारावर उभा राहून सांगंन काय ते." तू मले हात देऊन पारावर चढवू लागला होतास.

मले मोताळ्यात काहीही काम नव्हतं, निवृत्ती. मी घाबरलो होतो. मी हात सोडवला अन् रिक्षा वळवली. आरशात तू दिसत होतास, तुझ्याभोवती माणसं गोळा होताना. मी गेअर बदलला.

हे सगळं काल रेकॉर्ड केलं. मले वाटलं होतं छाती फुटंन. उलट झालं. मी कधी एवढा सरळ बोललो नाही, अन् आवाज चढवायची एकदाही गरज पडली नाही.  माईक काढताना झेबा माझ्या कॉलरीवर हात ठेवून थोडी थांबली फक्त.

तू माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. लोकायच्या आधी तुले कळावं, एवढंच.

रहेमत


मोताळा
१९ सप्टेंबर २०२१

निवृत्ती,

काल मी तुमच्या गावी येऊन गेलो. पाराले लागूनच तुझं घर, पण दार बंद होतं, म्हणून पारावर काय झालं ते तुले लिहितो.

तो भाग सुटल्यावर दोन्ही तऱ्हेचं ऐकलं. एकानं लिहिलं, 'आता बोलून काय उपयोग, म्हातारा झाल्यावर अक्कल आली.' मलकापूरच्या एका दुकानदारानं फोन करून सांगतलं, यापुढं माझ्या दुकानासमोर दिसू नको. अन् एका बाईनं फोन केला, फक्त रडली.  तिनं ठेवेपर्यंत मी फोन कानाले धरून ठेवला.

पण मोबाइलवर कबूल करणं सोपं आहे लेका. गोधड्यांच्या आत बसून कोणीही शूर होते. मी झेबाले म्हटलं, जिथून पळालो तिथं जायचं. तिले वाटलं रेकॉर्ड करायचं. मी म्हटलं, नाही, माईक घरी ठेव. हे ऐकवायचं नाही, हे करायचं आहे.

पारावर दहा-बारा माणसं होती. तुमच्या गावचे बुढे शेषरावबाप्पा मधात, मास्क हनुवटीवर.  मी चपला काढल्या अन् पारावर चढलो. 

शेषरावबाप्पा म्हणाले, "बोल ना. जोरात बोल. तुले त सवय आहे."

मी म्हटलं, "नाही बाप्पा. जोरात नाही येत आता. तुम्हीच जवळ या."

लेका, ते आले! आधी दोघं सरकले, मग पाच, मग घरातून आणखी निघाले. एवढे जवळ बसले का गुडघ्याले गुडघा लागत होता. मी पुडीची गोठ सांगतली, खोडलेल्या ओळीची सांगतली. अन् मग म्हटलं, "निवृत्तीनं तुम्हाले हे बियाणं सांगतलं ते माझ्यावर भरवसा ठेवून. त्याले काही माहीत नव्हतं. मले होतं. चार वर्षं तुम्ही त्याले जे बोलले ते माझ्या वाट्याचं होतं, ते आता मले द्या."

अन् दिलं त्यायनं! दीड तास दिलं. एका उंच माणसानं माझ्या बापाचा उद्धार केला. एक म्हणाला, त्या साली बहिणीचं लगन मोडलं. एक नुसताच 'थू' म्हणून उठून गेला. दर वेळी माझ्या तोंडात आलं, 'पण बाकीचेही तेच बोलत होते', 'पण कागद दुकानदाराचा होता'. मी गिळलं. सवाल असंन त उत्तर दिलं, राग असंन त ऐकला. एकदा तर जीव एवढा घाबरा झाला का रस्त्याकडे पाहिलं. तिथं एसटी उभी होती, रिकामी. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

शेवटी शेषरावबाप्पा म्हणाले, "हे तू तेव्हा सांगतलं असतं त निवृत्ती पारावर यायचा बंद झाला नसता."

मी म्हटलं, "हाव."



मग एक नवल झालं. मघाशी शिव्या देणारा तो उंच माणूस, त्यानं विचारलं, "मग या साली काय करायचं ते त सांग. डोमकळ्या दिसून राह्यल्या." मी म्हटलं, मी सांगणारा नाही, मी विचारणारा. तुम्ही काय पाह्यलं? अन् ते एकमेकायले सांगू लागले! वेचणी झाल्यावर पीक फरदड म्हणून उभं ठेवायचं नाही, जानेवारीच्या आत पऱ्हाटी उपटायची, सापळे कोणी कुठं लावले. मी मधात बसून ऐकत होतो. माईक असता त सोन्यासारखा भाग झाला असता. नाही आणला तेच बरं.

निघताना वच्छलावहिनी तांब्या घेऊन आल्या. मी म्हटलं, "वहिनी, तो घरात आहे ना?" त्या म्हणाल्या, "त्यायचं दार बंद हाय. माहं नाई. पानी प्या." दोन तांबे प्यालो.

मी दार वाजवलं नाही. तुझं दार आहे, ते कधी उघडायचं ते तू ठरव. पण एवढं सांगतो, एसटीत बसलो अन् खिडकीतून तोंड बाहेर काढून मलकापूर रोडपर्यंत हसत होतो. बाजूची बाई सरकून बसली. तिले वाटलं, बुढा येडा झाला.

रहेमत


मोताळा
१ ऑक्टोबर २०२१

निवृत्ती!!

तुझं कार्ड आलं!

पोस्टमननं सायकलवरूनच फेकलं, मी ते हवेत झेललं. जमीलाले वाचून दाखवलं, झेबाले वाचून दाखवलं, दयारामले चक्की बंद करायले लावून वाचून दाखवलं. आता तुलेच परत लिहून दाखवतो, म्हणजे माझा पुन्हा भरवसा बसंन का हे तूच लिहिलं:

'रहेमत, मी खिडकीमांगं होतो. दीड तास ऐकलं. माफ केलं असं समजू नको, ते मी अजून ठरवलं नाही. पण तू तुझ्या त्या कार्यक्रमात चूक सांगतली. डोमकळी तोडून बांधावर फेका म्हणतो. बांधावर फेकली त अळी मरते का रे मूर्खा? ती जमिनीत उतरून कोष करते अन् परत वर येते. तोडून पिशवीत घ्यायची अन् खड्ड्यात गाडायची. अडीच हजार लोकायले तू परत एकदा चुकीचं सांगून बसला. मंगळवारी ये अन् माईक आण. मी सांगतो. तू मधात बोलायचं नाही. निवृत्ती.'

लेका, तू चौथा भाग ऐकला! शेवटपर्यंत ऐकला, नाही त बांधावर फेकायची गोठ तुले कशी कळली? ती अगदी शेवटच्या मिनिटाले आहे!

चूक कबूल. एकदम कबूल. झेबानं आजच खाली लिहून टाकलं का बांधावर फेकू नका, गाडा, अन् सविस्तर सांगायले एक जाणकार येणार आहेत. जाणकार म्हणजे तू. मनकर्णाबाईलेही निरोप पाठवला. ती म्हणाली, "म्या आयकूनच समजले व्हते का हे चुकलं. पन म्हनलं, आता कितीदा बोलू या मानसाले." तिले मंगळवारी सोबत आणू का? तुम्ही दोघं बोला, मी माईक धरतो.

मी एकच सवाल तयार केला आहे. तो इथं लिहीत नाही, तू उत्तर पाठ करून बसशीन.

आता ऐक. आज शुक्रवार. मंगळवार चार दिवसांवर आहे अन् मले एवढा दम निघत नाही. मी उद्याच येतो, असाच, बिनामाईकचा. मंगळवारी माईक घेऊन परत येईन. पोस्टात टाकलं त हे पत्र माझ्या मांगून पोचंन, म्हणून टाकतच नाही, खिशात घालून आणतो. तू दार उघडल्यावर मले काही बोलता आलं नाही, त हेच तुझ्या हातात देईन.

रहेमत